हाऊसबोटीतला संडास आणि रेवाफुई

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरणं, कालवे, मोठमोठे लोखंडी दरवाजे उभे राहतात. मी ते उभे राहू देतो. उगाच कुणाचा हिरमोड कशाला करा? पण खरं सांगायचं तर नोकरीतली उमेदीची काही वर्षं, साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची, मी एका संडासाची देखभाल करण्यात घालवली. एकाच संडासाची. आणि तोही जमिनीवर नव्हता.

तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता. आमचा सगळा मुलूख धुळ्याच्या ताब्यात होता. तापीच्या पात्राची पाहणी चालली होती. डोह कुठे खोल, खडक कुठे, पूर कुठवर चढतो हे मोजणाऱ्या साहेबांना नदीवरच राहता यावं म्हणून खात्याने कुठूनशी एक जुनी हाऊसबोट आणली होती. प्रकाशा या तीर्थाच्या गावाखाली एका डोहात ती दोरांनी बांधलेली असे. काठावरचे लोक तिला ‘सायबानी नाव’ म्हणत. साहेबांची एक खोली, नकाशांची एक खोली, उस्मानचाचाचा स्वयंपाक, आणि अगदी मागे, अरुंद दाराआड, माझं कार्यक्षेत्र.

मी कळसाडीचा. घरी कपाशी, ऊस, दारात बैल. धुळ्याला फिटरकाम शिकलो तेव्हा वडिलांना वाटलं, पोरगा ऑइल इंजिनं दुरुस्त करेल, गावात मान मिळेल. मी कुठे लागलो हे कळल्यावर ते म्हणाले, “मगन, बठं शेत पडेल शे आपलं. तुले जर हाईच काम करनं व्हतं, तर घर सोडीसन काबरं गया?” त्यांना म्हणायचं होतं की आपल्याकडे सगळा गाव शेतातच जातो, त्याला फिटर कशाला लागतो! मी घरी गेलो की आई मला आधी विहिरीवर पाठवी, आणि आंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. मी कामावरून आंघोळ करूनच निघालोय असं सांगितलं तरी.

आता ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोटीतल्या संडासाला वर टाकी नसते आणि खाली खड्डाही नसतो. चिनी मातीचं भांडं, त्याच्या शेजारी पितळी पंप आणि पंपाला दांडा. बाजूला एक चावी. चावी उघडून दांडा मारला की नदीचं पाणी भांड्यात येतं. चावी बंद करून दांडा मारला की भांड्यातलं सगळं नदीत जातं. गेलेलं परत येऊ नये म्हणून भांड्याच्या तळतोंडाशी चामड्याची एक झडप. ती एकाच बाजूला उघडते. हे सगळं बोटीच्या पोटात, नदीच्या पातळीच्या खाली बसवलेलं. भांड्याचा काठसुद्धा खालीच. म्हणजे तापी आणि साहेबांची गादी यांच्यामध्ये तळहाताएवढा चामड्याचा तुकडा होता, आणि त्या तुकड्याचा मालक मी होतो. मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

नदीत सोडायचो याचं मात्र आज वाईट वाटतं. बोट घाटाच्या आणि पाणवठ्यांच्या खाली बांधायची एवढा नियम आम्ही पाळला. पण खाली कुणीच राहत नव्हतं असं थोडंच आहे? तेव्हा नदी मोठी वाटायची आणि आपण लहान, म्हणून डोक्यात आलं नाही.

तक्रारी ठरलेल्या असत. सगळ्यात नेहमीची म्हणजे वास. वास आला की बोटीवर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघायचा. साहेब चाचाकडे, चाचा नावाड्याकडे, नावाडी माझ्याकडे. खरा गुन्हेगार असायचं चामडं. ते कोरडं पडलं की आकसतं, फट राहते. उपाय सोपा, वाटीभर शेंगदाण्याचं तेल भांड्यात ओतायचं आणि दांडा हळूहळू हलवायचा. पण तेल होतं चाचाच्या ताब्यात.

“मगन, कल साहब की भाजी में तेल कम था,” तो म्हणायचा. “और तू आज उसको पिला रहा है!”

“चाचा, भाजी कोरडी राहिली तर साहेब एक दिवस रागावतील. हा कोरडा राहिला तर आपण सगळे पोहत घरी जाऊ.”

चाचा तेल द्यायचा, पण डोळे मिटून. ती वाटी त्याने पुन्हा कधी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.

दुसरी तक्रार, दांडा जड झाला. गढूळ पाण्यातली वाळू पंपात बसायची. पंप उघडा, धुवा, चरबी लावा, बसवा. याच्यात सांगण्यासारखं काही नाही. तिसरी तक्रार दाराची. बोट जराही एका अंगाला कलली की संडासाचं दार चौकटीत आवळून बसायचं. आत गेलेला माणूस धक्के मारू लागला की मी दाराला हातसुद्धा लावत नसे. वर जाऊन सगळ्यांना दुसऱ्या कठड्याकडे हाकलायचो. बोट सरळ झाली की दार आपोआप सुटायचं. आतल्या माणसाला वाटायचं आपण ताकदीने उघडलं. मीही त्यांना तसंच वाटू द्यायचो.

पाहुण्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. मुंबईहून एक बडे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी विचारलं, “दांडा किती वेळा मारायचा?” मी एक आकडा सांगितला. माणूस हिशेबाचा पक्का. ते मोजू लागले, आणि तेही खणखणीत आवाजात. फळ्यांची भिंत, पलीकडे आमचे साहेब जेवायला बसलेले. मध्येच त्यांचा आकडा चुकला, तेव्हा त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. आमच्या साहेबांनी ताट तसंच बाजूला सारलं.

काठावरचे शेतकरी गाड्या थांबवून संडास बघायला यायचे. बघून झालं की मान डोलवायचे आणि आपल्या शेताकडे चालू लागायचे. एकदा सातपुड्यातून लाकडं विकायला उतरलेला एक पावरा गडी आला. त्याने दार उघडून बघितलं, मग स्वयंपाकाची जागा बघितली, मधली फळी हाताने ठोकून पाहिली आणि मोडक्या मराठीत मला विचारलं, “इकडं जेवतात? आणि इकडं हे?” मी हो म्हणालो. “मग शहाणे कोण?” असं विचारून तो लाकडं घेऊन निघून गेला. मी त्या प्रश्नावर नोकरीभर विचार केला.

पाहणी संपल्यावर ती बोट काठावर ओढून टाकली. फळ्या कुणाकुणाच्या गोठ्यांना लागल्या. पंप कुठे गेला ते कळलं नाही. मी रजेवर होतो. असतो तर तो पंप घरी आणला असता आणि आईने मला पंपासकट विहिरीवर पाठवलं असतं. अजून चुटपुट लागते. पण त्याआधी त्या संडासाने माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बिघडवायला घेतली होती, ती सांगतो.

ती गोष्ट म्हणजे माझं लग्न. लोणखेड्याच्या एका लग्नात मी ब्राह्मणपुरीची जमना पाहिली होती. पंगतीत वाढत होती. एका म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा जिलबी मागितली, तेव्हा ‘आबा, आते पोटले इचारी ल्या’ असं म्हणून तिने वाढली, आणि हसली. मला दुसरी मुलगी नको होती. पण आधी आलेली स्थळं ज्या कारणाने फिरली होती ते कारण मी रोज तेल पाजून जिवंत ठेवत होतो. आमच्या समाजात असलं काम करणाऱ्याला मुलगी कोण देणार? माझ्या मामाने बोलणी चालवली होती, आणि मामाचं बोलणं म्हणजे काही विचारू नका. त्याने ब्राह्मणपुरीत सांगून ठेवलं, की पोरगा सायबाच्या नावेवर पितळी इंजिन चालवतो.

जमनाचे वडील गोविंदभाऊ साधे गृहस्थ. त्यांनी विश्वास ठेवला. पण त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा नव्हता, त्यांच्या थोरल्या बहिणीचा, जमनाच्या आत्याचा होता. रेवाफुई. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, भावांची शेती उभी केलेली, आणि गावात पाटलापेक्षा जास्त दरारा असलेली बाई. तिच्या कानावर कुणीतरी खरं घातलं. हिवाळ्यातल्या एका सकाळी दमणी जुंपून ती, गोविंदभाऊ आणि मामा तापीवर आंघोळीला निघाले. आणि आंघोळीच्या आधी, फुईच्या हुकमावरून, दमणी आमच्या नावेपाशी थांबली.

फळीवरून फुई आत आली तेव्हा तिच्या पायातल्या चांदीच्या कड्यांनी नाव हलली असं मला वाटलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का रे मगन? तू संडास धोस ना?”

“इंजन, फुई, इंजन!” मामा मध्ये पडला. “पितळनं शे, इलायती शे!”

“मी त्याले इचारी ऱ्हायनू. तुले नही.”

मी म्हणालो, “दुरुस्त करस, फुई.”

“म्हनजे धोसच,” ती म्हणाली, आणि गोविंदभाऊंकडे वळली. “चाल रे. देखी ल्हिदं.”

संपलं. माझ्या डोळ्यांपुढून जिलबीचं ताट गेलं. पण फुई फळीकडे निघाली आणि थबकली. ती पहाटे घरून निघालेली. रस्त्यात गाड्या, घाटाकडे माणसं, आणि काठावर नुसता उघडा माळ. तिने भावाच्या कानात काहीतरी सांगितलं. गोविंदभाऊ कानापर्यंत लाल झाले. फुई परत फिरली, कुणाकडेच न बघता म्हणाली, “कोठे शे तुन्हं ते इंजन?”

मी दार उघडून चावी दाखवली, दांडा दाखवला, कसं करायचं ते सांगू लागलो. तिने मला हातानेच गप्प केलं. “मी मोट हाकी शे. हाऊ दांडा काय मले शिकाडस?” दार लागलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सकाळी शेताकडे जायचं ते दातून चावत. परतताना दातून मधोमध चिरायचं, त्याने जीभ खरवडायची आणि दोन्ही तुकडे मागे न बघता फेकून द्यायचे. जन्माची सवय ती, फुईच्या कमरेला बाभळीचं दातून खोचलेलं होतं. तिने ते नेमाने चावलं, चिरलं, आणि फेकलं. शेतात फेकायची जागा सगळीकडे असते. तिथे एकच होती.

मग मोट हाकलेल्या हाताने तिने दांडा मारला. दोन्ही तुकडे झडपेत जाऊन आडवे बसले. झडप उघडी राहिली, आणि तापी आत यायला लागली.

आधी आतून ‘वं माय!’ ऐकू आलं. मग दाराखालून पाण्याची एक रेघ आली. मी ओरडलो, “फुई, दार उघाडा!”

“नही! बठीकडे पानी व्हयनं! मी वर चढेल शे!” ती भांड्याच्या लाकडी बैठकीवर लुगडं आवरून उभी राहिली होती. “हाई संडासनं पानी शे. त्यामा पाय ठेवाऊ नही मी!”

एव्हाना सगळे जमले. गोविंदभाऊ, मामा, चाचा, दोन्ही नावाडी, सगळेच्या सगळे त्या चिंचोळ्या बोळात संडासाच्या दारापाशी. त्यामुळे झालं काय, की नाव त्याच अंगाला कलली, आणि दार चौकटीत आवळून बसलं. “त्या बाजूला जा!” मी ओरडत होतो. एकजण हलेना. प्रत्येकाला फुईला सल्ला द्यायचा होता. मामा म्हणत होता दार तोडा. आतून फुई म्हणाली, “दार तोडं तर याद राख! बाईमानूस आथा शे!” चाचा अल्लाची करुणा भाकत होता. आपल्या खोलीतून साहेब आले, चष्मा कपाळावर, हातात नकाशा. त्यांनी पाण्याकडे बघून शांतपणे विचारलं, “मगन, आपण बुडतोय का?”

“थोडेसे, साहेब.”

“बरं,” असं म्हणून ते नकाशे उचलायला गेले. असा साहेब पुन्हा मिळाला नाही.

मी दाराला तोंड लावलं. “फुई, ऐका. ते संडासनं पानी नही. नदीनं शे. ताजं, आत्तेच बाहेरथीन उनं. तापीमाय शे ती!”

फुई विचार करत होती. मला माहीत होतं ती काय विचार करतेय. तापी संडासात आली तर तापी बाटली, का संडास पावन झाला? हा प्रश्न प्रकाशाच्या भटजींना घातला असता तर त्यांनी दोन दिवस घेतले असते. फुईने नाव बुडायच्या आत निकाल दिला.

“मी न्हावाले निंघनू,” ती आतून म्हणाली, “तर मायच मन्हाकडे उनी!” आणि पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला. “जय तापीमाय! बोल, काय करू?”

“भांडामा हात घाला. तळले.”

“काय?”

“दातूनना तुकडा अडकेल शेतस. ते काढा, पानी आपेआप बंद व्हई.”

गोविंदभाऊंनी हात जोडले, तापीला की बहिणीला ते कळलं नाही. पाणी माझ्या घोट्यावर आलं होतं. मला वाटलं, नाव गेली तर जाऊ दे, खातं दुसरी आणेल. पण ही बाई हात घालणार नाही, आणि घातला तर मला जन्मभर माफ करणार नाही. दोन्हीकडून जमना गेलीच.

“कोनता हात?” आतून आवाज आला.

“डावा चालई, फुई. कोपरापावत जाऊ द्या. चामडं लागई. त्याले वढू नका, फाटी जाई. फक्त लाकूड धरा आनि वर ल्या.”

“गुळगुळीत शे.”

“तेलन्हं शे. मी पाजस.”

“सुटनं एक!” मग जरा वेळाने, “दुसरं आखडेल शे. हाऊ मुडदा निंघत नही!”

“फिरवा. आडवं व्हयेल व्हई. धीरे धीरे!”

“धीरे काय धीरे! गायना पोटमाईन आडवं वासरू काढेल शे मी!” आणि एक जोराचा फटका, एक शिवी, आणि मग झडप बसल्याचा तो आवाज. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. थप्प. दाराखालची रेघ थांबली.

मी पहिल्यांदाच साहेबांच्या आवाजात ओरडलो, “सगळे पलीकडच्या कठड्याला!” त्या आवाजाने सगळे धावले. मामा तर नदीत पडता पडता राहिला. नाव सरळ झाली, दार सुटलं.

रेवाफुई बाहेर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डाव्या हाताची बाही दंडावर चढवलेली, आणि त्या हातात दातनाचे दोन्ही तुकडे, सापाचं पिलू धरावं तसे धरलेले. तिने ते नदीत फेकले. मागे न बघता. मग चाचाकडे राख मागितली. चाचाने चुलीतली राख शिपतरभर आणून दिली, आणि ती कठड्याशी बसून हात घासू लागली. बोटं, तळवा, मनगट, कोपर. पुन्हा बोटं. नावाडी बादल्यांनी पाणी उपसत होते, तेवढाच आवाज.

मी खाली मान घालून उभा होतो. मला खरंच रडू येत होतं.

शेवटी गोविंदभाऊंनी, घरी जायला उशीर नको म्हणून असेल, चाचरत विचारलं, “बाई... मंग पोऱ्यानं काय? त्यानं काम...”

फुईने हात धुतला, वास घेऊन बघितला, पुन्हा राखेत बुडवला.

“काम मी आते करी देखं,” ती म्हणाली. “तू करी दखाड बरं. पोर दी टाक त्याले.”